फळ्यांच्या आतलं घर

“त्या घरात काही नाही,” लॉइसबाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी थांबवलीच नाही.

मी मागे वळून पाहत राहिले. ओढ्यापलीकडे मक्याच्या शेताच्या कडेला एक पांढरं दुमजली घर उभं होतं. आडव्या फळ्या, पत्र्याचं छप्पर, पुढे ओसरी. काउंटीत अशी घरं पैशाला पासरी होती हे खरं. पण नव्या रस्त्याची नकाशावरची रेघ नेमकी त्याच घरावरून गेली होती, आणि त्या रेघेवरची घरं तपासायलाच मला नेमलं होतं.

“बाहेरून तरी बघू या,” मी म्हटलं.

“एकोणीसशे बारातलं बांधकाम आहे. म्हातारा एकटा राहतो, त्याला माणसं खपत नाहीत. वेळ वाया जाईल.” एवढं बोलून त्यांनी यंदा सोयाबीन कसं आलंय तो विषय काढला.

ही १९८७ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात टिलफर्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका समजा. मी नागपूरला वास्तुशास्त्र शिकले, जुन्या इमारतींचा अभ्यास करायला तिकडे गेले, आणि ही माझी पहिली नोकरी. रस्त्याला केंद्र सरकारचा पैसा लागला की वाटेतली जुनी घरं आधी तपासावी लागतात. एखादं घर खरोखर महत्त्वाचं निघालं तर रस्त्याने वळसा घ्यायचा, असा कायदा.

शेतकऱ्यांना हे काम मुळीच पसंत नव्हतं. साडी नसली तरी माझा रंग दुरून दिसायचा, हातात कॅमेरा आणि मोजपट्टी. कुणाला मी कर वाढवायला आलेली वाटायचे, तर कुणाला जमीन हेरायला. एकाने मला दारात उभं ठेवून दहा मिनिटं माझ्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि मग दार लावून घेतलं. म्हणून काउंटीने लॉइस टेम्पलटन यांना माझ्यासोबत दिलं होतं. त्या निवृत्त शिक्षिका. सत्तरी ओलांडलेली, पण गाडी सुसाट चालवायच्या. निम्मी काउंटी त्यांच्या हाताखालून गेलेली. त्या मागच्या दाराने हाक मारायच्या, आईच्या गुडघ्याची चौकशी करायच्या, आणि पाचव्या मिनिटाला मी माळ्यावर वासे मोजत असायची. पडक्या कोंबडीच्या खुराड्यापुढेही त्यांनी माझ्यासाठी गाडी थांबवली होती. हे एकच घर त्यांनी टाळलं.

त्यांचं टाळणं मला खटकलं, आणि दोन दिवसांनी तर संशय पक्का झाला.

रस्त्याच्या कामाचे मोठे नकाशे काउंटीच्या कचेरीत होते. ते पाहायला गेले तेव्हा तिथे डेल रस्क भेटले. काउंटीचा कारभार तिघांचं मंडळ पाहायचं, त्याचे हे प्रमुख. पन्नाशी उलटलेला, उंच, हसतमुख माणूस. पण डोळे हसायचे नाहीत. “तुम्ही आमचा रस्ता अडवायला आलात की पुढे न्यायला?” त्यांनी विचारलं. मी ओढ्याकाठच्या घराचं नाव काढलं तर म्हणाले, ते त्यांच्या मामाचं, अर्विन रॉलिन्सचं घर. मामा हट्टी आहे, पण घर पडलं तर त्याला आपल्याकडे घेऊन येऊ. रस्त्याबरोबर ओढ्यावर नवा पूल होणार आहे, तो पाहिजेच. जुन्या पुलावरून पडून दोन पोरं मेली आहेत.

त्यांनी नकाशा उलगडला. लाल रेघ मामाच्या घरावरून जात होती. तिच्या बाजूला एक तुटक रेघही होती.

“ही कशाची?”

“दुसरा पर्याय. ते घर वाचवायचंच झालं तर रस्ता इथून काढावा लागेल. पण ते शेत टेम्पलटनबाईंचं आहे. अख्ख्या काउंटीत तशी जमीन नाही.”

परत येताना कोर्टासमोरच्या हिरवळीवरचा दगड पाहिला. त्यावर कोरलं होतं की या काउंटीत पहिलं घर स्टॅगर कुटुंबाने अठराशे अडतीस साली बांधलं. स्टॅगर हे लॉइसबाईंचं माहेर. म्हणजे रॉलिन्सचं घर जुनं निघालं तर बाईंचं शेतही जाणार आणि माहेरचा मानही. त्यांनी गाडी का थांबवली नाही ते मला समजलं, असं मला वाटलं. त्या दिवसापासून त्या शेजारी बसून गप्पा मारायच्या आणि मी मान डोलवत मनात म्हणायची, बाई, तुमचं पाणी मी ओळखलंय.

एका रविवारी त्या चर्चला गेल्या असताना मी एकटीच ओढ्यापलीकडे गेले.

मागच्याच दाराने गेले. तिकडच्या शेतघराचं पुढचं दार लग्नाला नाहीतर मयताला उघडतात, एवढं मी शिकले होते. अर्विन रॉलिन्स पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सडपातळ माणूस, उन्हाने रापलेला, डोळे करडे. त्यांनी मला येताना पाहिलं, पण हात थांबवले नाहीत.

“कोणी पाठवलं?”

“कोणी नाही.”

“लॉइस टेम्पलटनला माहीत आहे?”

“नाही.”

हे ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, कळेना. मी पाणी मागितलं. उन्हात आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नसावं. त्यांनी स्वयंपाकघरात नेलं, पेला भरून दिला. घर वडिलांनी बारा साली बांधलं, जुनं काही नाही, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

मधल्या खोलीचं दार उघडं होतं. आतल्या खिडकीच्या कोनाड्यात एक मांजर आडवं पसरून झोपलं होतं. मी पाहतच राहिले. फळ्यांच्या घराची भिंत जेमतेम वीतभर जाडीची असते. तिच्या खिडकीत मांजर बसेल, पण ऐसपैस झोपणार नाही. इथे भिंत हातभर जाड होती.

असली घरं मी ऐकून होते. पहिल्या वसाहतकऱ्यांनी झाडं पाडून ओंडक्यांची घरं बांधली. पुढे हाती पैसा आला, ओंडक्यांची लाज वाटायला लागली. मग कुणी घर पाडलं, तर कुणी त्यालाच बाहेरून फळ्या ठोकल्या आणि आतून गिलावा केला. आपल्याकडे मातीच्या भिंतीला पुढून विटांचा थर देतात, तसंच. मी भिंतीकडे हात नेला.

“हात लावू नका,” ते म्हणाले.

आवाज चढलेला नव्हता, तरी मी हात मागे घेतला. ते दारात उभे राहून मला निरखत होते. मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला.

“तुमच्या देशात लोक तुम्हाला कोण समजतात?”

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर माझ्याकडे होतं. वर्धा जिल्हा, वडील शिक्षक, दोन भाऊ. तिकडच्या सगळ्यांना मी तेवढंच सांगायची, लॉइसबाईंनाही तेवढंच सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र मी बाकीचंही सांगितलं. का, ते आजही नीट सांगता येत नाही. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडे, गावाचं सांडपाणी जिकडे जातं तिकडे होती. गावाचा नकाशा काढला तरी कोण कोणाच्या हातचं पाणी पीत नाही ते त्यात दिसतं, हे मी त्यांना सांगितलं. नागपूरला शिकायला गेले तेव्हा ज्या बाईंकडे खोली घेतली त्यांनी माझ्या सोनटक्के या आडनावावरून आपलाच काही अंदाज बांधला. सोनटक्के बऱ्याच जातींत असतात. वडील म्हणाले होते, विचारलं तर सांग, नाही विचारलं तर गप्प राहा. बाईंनी कधी विचारलं नाही. बाबासाहेबांचा फोटो माझ्या पेटीत तळाशी कपड्यांखाली राहिला.

हे इंग्रजीत सांगताना माझी फार ओढाताण झाली.

“कळलं का त्या बाईंना शेवटी?” त्यांनी विचारलं.

“नाही. मीच खोली सोडली.”

“का?”

“जिन्यावर पाऊल वाजलं की पेटीचं झाकण लावायची सवय लागली होती. झोपेतसुद्धा उठायची.”

ते जिन्याखालच्या कपाटाशी गेले, आतले कोट काढून खुर्चीवर टाकले आणि बाजूला झाले.

कपाटाच्या मागच्या भिंतीला गिलावा नव्हता. तिथे ओंडके होते. कुऱ्हाडीने चौकोनी तासलेले, एकावर एक रचलेले, मध्ये चुना आणि माती. कोपऱ्यात दोन भिंतींचे ओंडके खाचांत असे बसवले होते की सुरीचं पातं शिरलं नसतं. कोपरा पाहूनच कळलं, हे अठराशे पस्तीसच्या पुढचं काम नाही. स्टॅगर मंडळी इथे यायच्याही आधीचं.

हे घर उभं राहिलं पाहिजे, एवढंच मला सुचलं. मी त्यांना म्हटलं, याची नोंद झाली तर रस्ता वळवावा लागेल, तुमच्या घराला कोणी हात लावू शकणार नाही.

“माहीत आहे.”

“मग मला लिहू द्या.”

“बघितलंत ना? बस. लिहू नका.”

“कोणी धमकावलंय का तुम्हाला? लॉइसबाईंनी?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच बोलले असावे. “लॉइसजवळ यातलं काही बोलू नका,” ते कोट परत टांगत म्हणाले. “तिला त्रास होईल.”

मी त्याचा मला हवा तो अर्थ घेतला. म्हातारा बाईंना घाबरून आहे, काउंटीतली बडी बाई आणि भाचा मिळून त्याला घरातून काढताहेत. माझं डोकं तापलं. मी तशीच लॉइसबाईंच्या घरी गेले.

त्या चर्चहून येऊन पीचच्या ‘पाय’साठी, म्हणजे फळं भरून भाजतात त्या गोड पदार्थासाठी, पीठ लाटत होत्या. मी बसलेही नाही. मी ते घर पाहिलंय, त्याच्या पोटात ओंडक्यांचं घर आहे आणि तुम्हाला ते ठाऊक आहे, असं सरळ सांगितलं. तुमचं शेत वाचावं म्हणून तुम्ही मला तिथे नेलं नाहीत, हेही सांगितलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं, हात धुतले, पुसले आणि समोर बसल्या.

“त्यांनी तुम्हाला आत घेतलं?” त्यांनी विचारलं. “कपाट दाखवलं?”

“हो.”

“मला नव्हतं दाखवलं. नुसतं सांगितलं होतं.” मग म्हणाल्या, “शेताचं काय, शेत जाईल नाहीतर राहील. पण तुम्ही घराची नोंद केलीत की ते बांधलं कोणी हे शोधाल. तुमचं कामच आहे ते. आणि शोधलंत की सापडेल.”

मग त्यांनी सांगितलं. त्या ओढ्याकाठी पूर्वी काळ्या लोकांची वस्ती होती. गुलाम नव्हे, स्वतंत्र माणसं. दक्षिणेकडच्या कॅरोलायनातून बैलगाड्या घेऊन आलेली. त्यांनी जंगल तोडलं, शेतं केली, चर्च बांधलं. सगळ्यांत आधी आले ते रॉलिन्स. पुढे दिवस फिरले, एकेक घर शहराकडे निघून गेलं. रॉलिन्सांच्या घरात गोऱ्यांचं रक्त मिसळलेलं होतं, पिढ्यांगणिक रंग उजळत गेला होता. अर्विनच्या वडिलांनी बारा साली घराला फळ्या ठोकल्या आणि काळ्यांचं चर्च सोडून ते गोऱ्यांच्या चर्चला जायला लागले. ज्यांना ठाऊक होतं ते मेले किंवा गाव सोडून गेले. उरलेल्यांनी विचारलं नाही.

“मी वीस वर्षांची होते,” लॉइसबाई म्हणाल्या. “आमचं ठरलं होतं. तेव्हा या राज्यात काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. ते बोलले नसते तर कुणाला कळणार नव्हतं. पण लग्नाआधी त्यांनी मला सांगितलं. अख्ख्या जगात एकट्या मला.”

मी आता बसले होते.

“मी घरी निघून आले,” त्या म्हणाल्या. “पुन्हा गेले नाही. वर्षाने टेम्पलटनशी लग्न केलं. अर्विननी कधीच केलं नाही. एकच गोष्ट माझ्या हातात होती, कुणाला न सांगणं. ती मी पाळली. त्यांची बहीण ओपल, डेलची आई, तिनेही मरेपर्यंत पाळली. डेलला माहीत नाही. त्याच्या मुलींना माहीत नाही.”

“मग घर पडू द्यायचं?”

“अर्विनला पडलेलं चालेल. त्यांचं मी ऐकते.”

माझा संशय असा तोंडघशी पडला, पण प्रश्न तिथेच राहिला. पुढच्या आठवड्यात कोर्टाच्या मोठ्या खोलीत लोकांची सुनावणी होती आणि तिथे मी काय सापडलं ते सांगायचं होतं. घर आहे म्हणून सांगितलं तर माणूस उघडा पडतो. नाही म्हटलं तर मी खोटी ठरते आणि घर जातं. तिथे जाऊन बसले तेव्हाही माझं काही ठरलेलं नव्हतं.

दुपारची वेळ, पंखे फिरत होते, खोली भरलेली. डेल मधोमध बसले होते. अर्विन शेवटच्या बाकावर, धुतलेला सदरा घालून, टोपी मांडीवर. ते गावात येत नसत, त्यामुळे लोक वळून पाहत होते. डेलनी माझं नाव पुकारलं. मी उठणार तेवढ्यात लॉइसबाई उभ्या राहिल्या.

“त्या बाईंना त्रास देऊ नका,” त्या म्हणाल्या. “रस्ता माझ्या शेतातून न्या. मी सही करून देते.”

रस्ता त्या घरावरून गेलाच नाही तर ते तपासायचं कारणच उरत नव्हतं, घरही राहिलं असतं आणि गुपितही. खोलीत कुजबुज सुरू झाली. डेल गोंधळले. ते म्हणाले, पण तुमच्याकडे कोणी मागितलं नाही. बाई म्हणाल्या, मीच देते आहे. माझ्या मागच्या बाकावरचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, म्हातारीने आधीच सौदा केलेला दिसतोय, हिने फुकटात कधी खडूसुद्धा दिला नाही. दोघे हसले. पुढच्या रांगेतल्या एकाने तर मोठ्यानेच विचारलं की रस्त्याला लागून पेट्रोल पंप काढायचा विचार आहे का. आणखी काही हसले. लॉइसबाई ताठ उभ्या होत्या. त्यांचे कान लाल झाले होते.

मागे बाक करकरलं. अर्विन उभे राहिले होते.

“तिला हसू नका,” ते म्हणाले.

बऱ्याच लोकांनी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा.

“माझ्या घराच्या आत जुनं ओंडक्यांचं घर आहे. माझ्या पणजोबांनी बांधलं. ते काळे होते. स्टॅगर येण्याआधी ते इथे होते. लॉइसला हे पन्नास वर्षं माहीत आहे, म्हणून ती शेत देते आहे. सौदा नाही.” मग त्यांनी टोपीच्या कडेने माझ्याकडे खूण केली. “त्या बाईंनी पाहिलंय. विचारा.”

सगळी तोंडं माझ्याकडे वळली, पण मी डेलकडे पाहत होते. ते मामाकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं, कारण ते काढायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी उभी राहिले. भिंतीची जाडी सांगितली, खाचा सांगितल्या, अंदाजे साल सांगितलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. डेलनी सुनावणी तहकूब केली आणि कोणाशी न बोलता बाजूच्या दाराने निघून गेले.

आम्ही तिघं लॉइसबाईंच्या गाडीतून ओढ्यावर आलो. डेलची गाडी आधीच आलेली होती. ते पायरीशी उभे होते, आणि मी उतरताच माझ्या अंगावर आले.

“हे तुम्ही त्यांच्याकडून वदवून घेतलंत. हो ना? त्यांना घर वाचवायचं होतं आणि तुम्ही ही गोष्ट रचून दिलीत.”

“या बाईंनी काही केलं नाही, डेल,” अर्विन म्हणाले.

डेल थांबले. मग लहान मुलासारखं विचारलं, “मामा, आईला माहीत होतं?”

“तिचा जन्म त्या ओंडक्यांतला. फळ्या ठोकल्या तेव्हा ती सहा वर्षांची होती. खिळे तिनेच हातात दिले वडिलांच्या.”

डेल आत गेले नाहीत. गाडीत बसले, आणि बराच वेळ गाडी सुरूही न करता बसून राहिले. मग गेले.

रस्ता लॉइसबाईंच्या शेतातून गेला. पुढची निवडणूक डेल हरले. लोक म्हणायचे ते शेतामुळे, कोणी म्हणायचं मामामुळे, आणि कोण काय म्हणतं याचा माग काढत राहणं त्यांनी पुढे सोडून दिलं. त्या हिवाळ्यात ते मामाकडे फिरकले नाहीत. वसंतात एका शनिवारी पहार आणि शिडी घेऊन आले आणि पश्चिमेकडच्या भिंतीवरच्या फळ्या काढायला लागले. काय करतोस, असं अर्विननी विचारलं नाही. त्यांनी फळ्या नीट रचून ठेवल्या.

राज्याची माणसं घराचे फोटो काढायला आली तेव्हा मलाही बोलावलं होतं. उघड्या भिंतीपुढे घरच्यांनी उभं राहावं, असं छायाचित्रकार म्हणाला. डेलच्या दोन्ही मुली आल्या होत्या. बायको गाडीतून उतरली नव्हती. अर्विन मधोमध, एका बाजूला डेल, दुसऱ्या बाजूला मुली. लॉइसबाई माझ्याजवळ अंगणात उभ्या होत्या, हातात पायची थाळी.

“लॉइस, उन्हात काय उभी आहेस,” अर्विन म्हणाले. “इकडे ये.”

“घरच्यांना बोलावलंय,” त्या म्हणाल्या.

छायाचित्रकाराने कॅमेऱ्यातून डोकं वर काढलं आणि मग लागेल तेवढा वेळ थांबला. बाईंनी थाळी माझ्या हातात दिली, झगा सारखा केला आणि जाऊन रांगेच्या अगदी टोकाला, मुलींच्या पलीकडे, जराशा अंतरावरच उभ्या राहिल्या. अर्विन आपल्या जागेवरून निघाले, नातींच्या मागून काठी टेकत टेकत गेले, आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.